टेबलावर मांडलेली लढाई

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे धातूच्या, प्लास्टिकच्या किंवा रेझिनच्या छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ. दोन्ही बाजूंचे खेळाडू मोजपट्टीने अंतर मोजून आपापल्या पलटणी पुढे सरकवतात, गोळीबाराचा आणि हातघाईचा निकाल फाशांनी लावतात आणि नियमपुस्तिकेच्या आधारे लढाई शेवटाला नेतात. घरच्या जेवणाच्या टेबलावर शंभर-दोनशे मूर्तींत हा खेळ भागतो. छंदाच्या प्रदर्शनांत मात्र त्याचा विस्तार पार बदलतो. तेथे एखादा क्लब महिनोन्महिने खपून पंधरा-वीस फूट लांबीचे रणांगण उभारतो, त्यावर हजारो रंगवलेले सैनिक मांडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत दिवसभर ती लढाई खेळतो. या प्रकाराला 'डिस्प्ले गेम' म्हणतात.

डिस्प्ले गेमला दोन धनी असतात. पाहणाऱ्याला तो देखावा म्हणून पटावा लागतो आणि खेळणाऱ्याला डाव म्हणून झेपावा लागतो. संग्रहालयातल्या प्रतिकृतीला कोणी हात लावत नाही, त्यामुळे ती हवी तेवढी रुंद आणि नाजूक असली तरी चालते. डिस्प्ले गेममधल्या प्रत्येक मूर्तीपर्यंत हात पोचला पाहिजे आणि संध्याकाळी हॉल रिकामा करण्याच्या आत लढाईचा निकाल लागला पाहिजे. टेबलाची रुंदी, सैनिकांची संख्या, घरांचा आकार, खेळाचे नियम हे सगळे या दुहेरी मागणीतून ठरते.

तीन उगम

या प्रकाराचे मूळ तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडते. पहिले प्रशियात. १८१२ मध्ये गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला एक खास टेबल सादर केले. डोंगर, नदी, रस्ता असे भूभाग कोरलेल्या सुट्या चौकटी त्यावर हव्या तशा जुळवता येत. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाला १:८,००० प्रमाणाचा नकाशा, फासे आणि निर्णय देणारा पंच यांची जोड दिली. 'क्रीगस्पील' या नावाने तो प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. सुट्या चौकटींचे रणांगण आणि पंच या दोन्ही गोष्टी आजच्या प्रदर्शनांत टिकून आहेत.

दुसरा उगम देखाव्याचा. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी विल्यम सायबोर्न यांना १८३० मध्ये, नेपोलियनविरुद्ध ब्रिटन आणि प्रशिया यांनी जिंकलेल्या वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. ते आठ महिने रणभूमीवरच्या ला हे सँत या शेतवाडीत राहिले, त्यांनी जमिनीची मोजणी केली आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोणती पलटण केव्हा, कोठे होती आणि समोरच्या शेतात कोणते पीक उभे होते याची माहिती गोळा केली. मध्येच सरकारी पैसा थांबला; तरी त्यांनी पदरचे पैसे आणि कर्ज घालून काम पुरे केले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. ती सुमारे ८.३ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सात वाजताचा क्षण तिच्यात दाखवला आहे आणि त्यासाठी ७५ हजारांवर इवले धातूचे सैनिक वापरले आहेत. प्रेक्षकांनी गर्दी केली, पण सायबोर्न यांचा खर्च निघाला नाही. ही प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

तिसरा उगम घरातल्या खेळण्यांचा. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. शिसे कमी लागल्यामुळे किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांत सैनिकांच्या पेट्या आल्या. विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेले एच. जी. वेल्स यांनी याच सैनिकांसाठी नियम रचून १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढले. त्यांच्या खेळात गोळीबाराला फासे नव्हते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडाचा छोटा तुकडा उडवायचा आणि जे सैनिक आडवे होतील ते मेले असे धरायचे.

हौशी क्लब ते प्रदर्शन

आजच्या रूपातला छंद दुसऱ्या महायुद्धानंतर आकाराला आला. साउदॅम्प्टनचे फिजिओथेरपिस्ट डोनाल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक १९६२ मध्ये निघाले आणि ब्रिटनभर विखुरलेल्या हौशी लोकांना नियमांचा पाया मिळाला. क्लब उभे राहिले, मासिके निघाली आणि सैनिक ओतणारे छोटे कारखानदार पुढे आले. मग वर्षातून एकदा सगळ्यांनी एका हॉलमध्ये जमावे ही गरज निर्माण झाली. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स या क्लबने १९७२ मध्ये 'सॅल्यूट' हे प्रदर्शन सुरू केले. आता ते लंडनच्या एक्सेल केंद्रात भरते आणि युरोपातल्या मोठ्या प्रदर्शनांत गणले जाते. नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्कचे 'पार्टिझन' प्रदर्शन देखण्या टेबलांसाठी नावाजलेले आहे, तर बेल्जियममध्ये अँटवर्पचा क्लब 'क्रायसिस' भरवतो. अमेरिकेतल्या 'हिस्टॉरिकॉन'ची तऱ्हा वेगळी आहे. ते अनेक दिवस चालते आणि तेथे टेबले पाहण्यापेक्षा ठरलेल्या वेळी जागा धरून स्वतः खेळण्यावर भर असतो.

टेबलाचे सौंदर्य वाढवण्याचे मोठे श्रेय पीटर गिल्डर या मूर्तिकाराकडे जाते. यॉर्कशायरमध्ये त्यांनी 'वॉरगेम्स हॉलिडे सेंटर' चालवले. खेळाडूंनी सुट्टीत यावे आणि गिल्डर यांच्याच मूर्तींनी, त्यांनीच बांधलेल्या लांबलचक टेबलांवर मोठमोठ्या लढाया खेळाव्यात अशी ती सोय होती. हिरव्या कापडाखाली पुस्तके सारून टेकड्या करणाऱ्या पिढीला त्यांच्या टेबलांनी नवा मापदंड दिला.

प्रमाणाचे गणित

प्रदर्शनांत सर्वाधिक दिसणारी मूर्ती २८ मिलिमीटर उंचीची असते. याखेरीज ६, १०, १५ आणि २० मिलिमीटरच्या मूर्तीही चालतात. २८ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे माणूस ढोबळमानाने साठपट लहान केलेला. रणांगणही त्याच प्रमाणात लहान करायचे म्हटले तर अडचण लगेच दिसते. वॉटर्लूची आघाडी सुमारे पाच किलोमीटरची होती. साठाने भागले तरी टेबल ८० मीटरहून लांब होईल. त्या काळच्या बंदुकीचा शंभर मीटरांचा पल्ला टेबलावर दीड मीटरहून जास्त भरेल.

म्हणून जमिनीचे प्रमाण मूर्तीच्या प्रमाणापासून वेगळे धरतात. टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे रणभूमीवरचा एक मीटर असे ठरवले की पाच किलोमीटरची आघाडी पाच मीटरांत बसते आणि बंदुकीचा पल्ला दहा सेंटीमीटरवर येतो. या हिशेबाने २८ मिलिमीटरचा सैनिक २८ मीटर उंच, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा ठरतो. पाहणाऱ्याला ते खटकत नाही, कारण त्याची नजर सैनिकाची सैनिकाशी आणि पलटणीची पलटणीशी तुलना करते. खटकते ते घरांच्या बाबतीत. सैनिकाच्या मापाचे एक घर जमिनीच्या हिशेबाने आख्ख्या गावाची जागा खाते. यावर दोन तोडगे आहेत. घरे मूर्तींपेक्षा थोडी लहान मापाने बांधायची आणि वीस घरांच्या गावासाठी दोन-तीनच घरे ठेवायची.

माणसांच्या संख्येलाही असेच प्रमाण लावतात. सहाशे सैनिकांची ब्रिटिश पलटण दोन रांगांत उभी राहिली की प्रत्येकी सुमारे ५५ सेंटीमीटर धरून तिची लांबी १६५ मीटर होते. टेबलावर ही झाली साडेसोळा सेंटीमीटर. एका मूर्तीला दीड सेंटीमीटर जागा दिली तर बारा-बाराच्या दोन रांगा १८ सेंटीमीटरमध्ये मावतात. म्हणजे २४ मूर्तींची पलटण आणि एका मूर्तीमागे २५ माणसे. अनेक नियमपुस्तिकांतले वीस ते तेहतीस माणसांचे प्रमाण अशाच हिशेबातून आले आहे. सायबोर्न यांच्यापुढेही हाच पेच होता. त्यांची जमीन सुमारे सहाशेपट लहान आहे, पण त्या मापाचा सैनिक दिसलाच नसता. म्हणून त्यांनी मूर्ती तुलनेने बऱ्याच मोठ्या ठेवल्या आणि साधारण दोन माणसांमागे एक सैनिक मांडला.

टेबलाची रुंदी माणसाच्या हातावर ठरते. उभ्या माणसाचा हात वाकून पंच्याहत्तर ते नव्वद सेंटीमीटरपर्यंत सहज पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी खेळायचे टेबल सहा फुटांहून रुंद करत नाहीत. लांबीला अशी मर्यादा नाही. त्याहून मोठी लढाई असली तर दोन-तीन टेबले समांतर लावून मधल्या वाटेत खेळाडू उभे राहतात आणि ती वाट नकाशात नाहीच असे समजतात.

जमीन, पीक, पाणी

रणांगणाचा पाया बहुधा घट्ट फोमच्या पत्र्यांचा असतो. मखराच्या थर्माकोलचाच हा दाट प्रकार. कापताना त्याचे मणी सुटत नाहीत. तापलेल्या तारेने टेकडीचे उतार कापतात, नदीचे पात्र खाली कोरतात, वरून पांढरा गोंद लावून रेती पसरतात आणि वाळल्यावर गडद रंगापासून फिकट रंगाकडे जात थर चढवतात. संपूर्ण टेबल एकसंध न करता दोन किंवा चार फुटांच्या चौकटींत बांधतात, कारण ते व्हॅनमध्ये मावले पाहिजे. चौकटींच्या सांध्यांवर नदी, रस्ता आणि उतार तंतोतंत जुळवणे हे या कामातले सर्वांत किचकट कलम. उरलेली फट प्रदर्शनाच्या सकाळी झुडपे आणि सुटा पाला टाकून झाकतात.

महाराष्ट्रात दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. दगड-विटांवर पोती टाकून माती लिंपायची, अळीव पेरून हिरवळ उगवायची आणि बाजारातले मावळे तटावर मांडायचे ही त्याच जातीची कारागिरी आहे. फरक असा की किल्ल्यावर लहान-मोठ्या मापाचे मावळे शेजारी शेजारी खपतात आणि एकदा मांडल्यावर ते हलत नाहीत.

टेबलावरच्या हिरवळीसाठी नायलॉनचे बारीक तंतू वापरतात. गोंद लावलेल्या जमिनीवर हे तंतू स्थिर विद्युतभार देणाऱ्या चाळणीतून पाडले की ते आडवे न पडता ताठ उभे राहतात आणि गवताचा भास होतो. उभ्या पिकासाठी नारळाच्या काथ्याचे पायपुसणे कापतात. त्याचा रंग आणि ताठ काड्या पिकलेल्या गव्हा-रायसारख्या दिसतात. वॉटर्लूच्या शेतांत राय हे गव्हासारखे धान्य कमरेच्या वर वाढलेले होते, त्यामुळे तेथे तर काथ्या अगदी चपखल बसतो. काही जण लांब केसांचे कृत्रिम फर अंथरून रंगवतात आणि विंचरून त्याचे कुरण करतात. पाण्यासाठी पारदर्शक रेझिन किंवा वॉर्निशचे एकावर एक थर देतात.

मूर्ती आणि श्रम

धातूच्या मूर्ती कथिलाच्या मिश्रधातूपासून ओततात. रबराचा गोल साचा फिरता ठेवून मधोमध वितळलेला धातू सोडला की तो कडेच्या पोकळ्यांत फेकला जातो. असा साचा स्वस्त असल्यामुळे एखाद-दुसऱ्या माणसाचा उद्योगही तग धरतो आणि फारशा कोणी न ऐकलेल्या युद्धांचे सैनिकही बाजारात मिळतात. प्लास्टिकच्या मूर्तींना पोलादी साचा लागतो. तो महाग पडतो, पण एकदा झाला की लाखो नग निघतात. त्यामुळे खप नक्की असलेल्या काळांचेच, उदाहरणार्थ नेपोलियनच्या युद्धांचे, सैनिक प्लास्टिकमध्ये निघतात. नॉटिंगहॅम शहर आणि परिसर हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. 'वॉरहॅमर' या काल्पनिक विश्वातल्या खेळाची गेम्स वर्कशॉप ही कंपनीही तिथलीच. अलीकडे थ्री-डी प्रिंटरने घरच्या घरी मूर्ती काढणाऱ्यांची भर पडली आहे.

विकत घेतलेली मूर्ती कोरी असते. तिच्यावर आधी अस्तराचा रंग, मग गणवेशाचे मूळ रंग, घड्यांमध्ये उतरणारा पातळ गडद रंग आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट रेषा असे थर देतात. प्रत्येक मूर्तीला एक तास धरला तरी वीस हजार मूर्तींना रोज आठ तास बसून जवळजवळ सात वर्षे लागतील. म्हणून मोठे टेबल एकट्यादुकट्याचे नसते. कोणी पायदळ रंगवतो, कोणी तोफा, कोणी नुसती झाडे करतो. रंगाच्या छटा आणि मूर्तींच्या तळाची माती एकसारखी राहावी म्हणून आधीच ठराव करावा लागतो. नाहीतर जवळ जवळ मांडलेल्या पलटणी वेगवेगळ्या घरच्या दिसतात. चार-सहा मूर्ती एका पट्टीवर चिकटवतात, म्हणजे सरकवताना हात शेकडो वेळा फिरवावा लागत नाही. पट्टीखाली चुंबकी पत्रा लावून त्या टिनच्या डब्यांत ठेवल्या की प्रवासात संगिनी मोडत नाहीत.

असईची लढाई टेबलावर

ब्रिटनमधल्या खेळाडूंना मराठ्यांची ओळख प्रामुख्याने आर्थर वेलस्लीच्या, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या मोहिमेतून झाली आहे आणि मराठी सैन्याच्या मूर्तीही बाजारात मिळतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली. लढाई टेबलावर आणताना काय काय ठरवावे लागते याचा हा चांगला नमुना आहे.

पहिला प्रश्न संख्येचा. वेलस्लीचे प्रत्यक्ष लढलेले सैन्य सुमारे साडेचार हजार. एकास पंचवीस या प्रमाणाने १८० मूर्ती. समोर शिंद्यांच्या चाकरीतल्या हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखालचे कवायती पायदळ सुमारे १०,८००, म्हणजे ४३२ मूर्ती. शिवाय शंभराच्या आसपास तोफा आणि तीस हजारांवर घोडदळ. घोडदळ पूर्ण मांडायचे तर बाराशे घोडेस्वार रंगवावे लागतील आणि एकेक घोडेस्वार पायदळाच्या दुप्पट वेळ खातो. हे घोडदळ त्या दिवशी फारसे लढाईत उतरले नाही. म्हणून टेबल रचणारे त्याच्या मोजक्या तुकड्या एका कडेला ठेवतात आणि ते केव्हा हलेल, हलेल की नाही, हे फाशांवर सोडतात.

दुसरा प्रश्न माहितीचा. केळना नदीला तेथे उतार नाही असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच, मध्ये उतार असल्याशिवाय अशी गावे वसणार नाहीत, असा तर्क त्याने केला आणि तो खरा निघाला. नदी ओलांडून शत्रूच्या बगलेवर पडण्याचा त्याचा बेत होता. पण पोलमनच्या पलटणींनी शिस्तीने तोंड फिरवून केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जागेत नवी फळी धरली. आजच्या खेळाडूला उतार कोठे आहे हे ठाऊक असते आणि फळी फिरणार हेही ठाऊक असते. अज्ञान परत आणण्यासाठी पंच उताराची जागा गुप्त ठेवतो, किंवा फळी किती वेळात फिरते हे फाशांनी ठरवतो. कधी कधी गावांची आणि सैन्यांची नावे बदलून हीच लढाई दुसऱ्या देशाची म्हणून खेळाडूंपुढे ठेवतात.

तिसरा प्रश्न नियमांचा. ब्रिटिश फळी मराठ्यांच्या तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. सर्वसाधारण नियमांत हातघाईत घेतलेली तोफ बाद होते. असईसाठी तेथे अपवाद लिहावा लागतो, नाहीतर त्या दिवशीच्या लढाईची चवच जाते. सुमारे सोळाशे माणसे, म्हणजे लढणाऱ्यांतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग, मृत किंवा जखमी होऊनही वेलस्ली जिंकला. हिशेबाने पाहता ही लढाई त्याने हरायला हवी होती आणि टेबलावर तो अनेकदा हरूही शकतो. नियम रचणाऱ्याला तसे घडण्याची वाट खुली ठेवावी लागते.

प्रदर्शनाचा दिवस

दारे उघडण्याच्या दोन-तीन तास आधी क्लबची माणसे व्हॅन घेऊन येतात. क्रमांक घातलेल्या चौकटी जुळवतात, सांधे झाकतात आणि पलटणी नकाशाप्रमाणे मांडतात. मग खेळ सुरू होतो. नियमांतली एक खेळी सहसा पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासाची लढाई धरते. वॉटर्लूची लढाई दुपारी बाराच्या सुमारास पेटून रात्री आठ-नऊपर्यंत चालली. अर्ध्या तासाची एक खेळी धरली तरी अठरा खेळ्या होतात. प्रदर्शनाच्या सहा-सात तासांत हजारो मूर्तींनी एवढ्या खेळ्या उरकणे अवघड, त्यात दर पाच मिनिटांनी कोणीतरी प्रश्न विचारायला थांबतो. म्हणून डिस्प्ले गेमसाठी नियम जाणूनबुजून सुटसुटीत ठेवतात, आणि एक-दोन माणसे खेळापासून मोकळी ठेवून त्यांना फक्त लोकांशी बोलायला उभे करतात. खेळ बरा पण बोलायला कोणी नाही अशा टेबलाविषयी पाहुणे हमखास कुरकुरतात. पाहुण्यांना प्रत्यक्ष खेळायला देणारी टेबले वेगळी असतात. ती लहान असतात आणि तिथला डाव तासाभरात संपतो. बाकीचा हॉल मूर्ती, रंग, पुस्तके विकणाऱ्यांनी आणि जुन्या सामानाच्या विक्रीने भरलेला असतो.

जून २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात वॉटर्लूची लढाई वीस हजारांहून अधिक २८ मिलिमीटर मूर्तींनी खेळली गेली. त्या लढाईत फ्रेंच, ब्रिटिश व त्यांचे मित्र आणि प्रशियन अशा तिन्ही सैन्यांची मिळून सुमारे १ लाख ९० हजार माणसे होती. म्हणजे एका मूर्तीमागे नऊ-दहाच माणसे. नेहमीच्या प्रमाणाशी ताडले तर हा विस्तार केवढा होता ते कळते. माजी सैनिकांना सोबत घेऊन वॉटर्लूच्या रणभूमीत उत्खनन करणाऱ्या 'वॉटर्लू अनकव्हर्ड' या संस्थेला हातभार लावणे हा त्यामागचा हेतू होता.

काय दिसते, काय दिसत नाही

अशा टेबलावरून लढाईच्या काही बाबी पुस्तकापेक्षा चटकन उमगतात. टेकडीमागे उभी पलटण समोरच्याला का दिसत नाही, दोन नद्यांच्या मधली जागा अरुंद होत गेली की मोठ्या सैन्याचा उपयोग का कमी होतो, तोफांच्या आड आपलेच पायदळ कसे येते, हे टेबलाभोवती एक फेरी मारली की कळते. काही बाबी मात्र तेथे येतच नाहीत. काळ्या दारूचा धूर रणभूमी झाकून टाकत असे; टेबलावर कापसाचे चार पुंजके ठेवतात आणि पाहणाऱ्याला वरून सगळे स्वच्छ दिसते. सेनापतीला असे कधीच दिसले नाही. जखमी, तहान, भीती यांचे नियमांत एका फाशाच्या आकड्यात रूपांतर होते. ताज्या युद्धांची टेबले मांडावीत की नाही यावर या छंदातच मतभेद आहेत आणि जर्मनीत नाझी चिन्हे उघडपणे दाखवण्यावर कायद्याचे निर्बंध असल्याने तेथे दुसऱ्या महायुद्धाचे टेबल मांडताना झेंड्यांपासून विचार करावा लागतो.

सत्याची बाजूही तपासून घ्यावी लागते. सायबोर्न यांच्या प्रतिकृतीत मुळात प्रशियाचे सैन्य मोठ्या संख्येने होते. निर्णायक क्षणी ते इतके पुढे आले नव्हते असा वेलिंग्टनच्या बाजूने आक्षेप आला आणि सायबोर्न यांनी पुढे बरेचसे प्रशियन सैनिक काढून टाकले. विजयाचे श्रेय ब्रिटनचे किती आणि प्रशियाचे किती हा वाद त्या काढलेल्या सैनिकांवरून आजही होतो. टेबलावर कोणती पलटण कोठे ठेवायची हे ठरवणारा माणूस इतिहासाचा एक अर्थ लावत असतो आणि ते टेबल कितीही नेटके असले तरी तो अर्थ तपासायचा राहतोच.

प्रदर्शन संपल्यावर बहुतेक रणांगणे त्याच संध्याकाळी सुटी होतात. चांगली चौकट पुढच्या वर्षी रंग बदलून दुसऱ्या लढाईत जाते. स्पेनमधली धूळकट टेकडी थोडे गवत लावून बेल्जियमची होते, झाडे आणि घरे क्लबच्या कपाटात परततात आणि नको असलेल्या पलटणी जुन्या सामानाच्या टेबलावर विकल्या जातात. कायम मांडून ठेवलेली मोठी दालने मोजकीच आहेत. जर्मनीत कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यातले कथिलाच्या मूर्तींचे संग्रहालय हे त्यांतले प्रमुख असून तेथे तीन लाखांच्या आसपास मूर्ती आहेत. बाकी मोठे काम टिकते ते छायाचित्रांत, मासिकांतल्या लेखांत आणि त्या लढाईसाठी लिहिलेल्या नियमांत. ते नियम घेऊन दुसरा क्लब तीच लढाई आपल्या टेबलावर पुन्हा उभी करू शकतो.